शंभर नंबरी वाईट कोण? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की गब्बर हा 'प्युअर ईव्हल' आहे आणि मार्व्हलच्या पिक्चरमधला थॅनॉस नाही. बस्स. त्यावर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. पुढे बऱ्याच गोष्टींचे शेवट फुटणार आहेत, तेव्हा नंतर ओरडू नका.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. दिवसभर मित्रांशी फोनवर 'हा प्युअर ईव्हल आहे, तो नाही' असं भांडत असतो. वाईट तो वाईट, त्यात प्युअर काय आणि भेसळ काय? आमचा दुधाचा धंदा आहे, म्हणून विचारलं. (एक वाचक, सांगली)

दादा, तुमच्याच भाषेत सांगतो. डेअरीवर दूध घातलं की फॅट काढतात ना, तिथे म्हैस किती गरीब आहे, मालक किती भला आहे याला किंमत नाही, मशीन म्हणेल तो आकडा. फॅन मंडळी असंच मशीन लावून बसलेली असतात. इंग्रजीत याला कुणी 'प्युअर ईव्हल' म्हणतं, कुणी 'कम्प्लीट मॉन्स्टर'. एक जण प्रपोजल लिहितो, म्हणजे हा व्हिलन कोण, त्याने काय काय केलं, त्याच्या बाजूने काय बोलता येईल, आणि मग बाकीचे हो-नाही व्होट देतात. नवीन पिक्चर असेल तर थोडे दिवस थांबतात, लोकांनी बघितलेला तरी पाहिजे ना.

बघतात काय, तर पहिलं म्हणजे त्याच्या स्वतःच्या गोष्टीत तो बाकीच्यांपेक्षा किती खाली गेलाय. ज्या गोष्टीत सगळेच खून पाडतात तिथे एक खून म्हणजे काहीच नाही, आणि साध्या शाळेच्या गोष्टीत एक खून म्हणजे आभाळ कोसळलं. मग, आपण काय करतोय हे त्याला कळतंय का आणि दुसरा रस्ता समोर असताना त्याने हाच धरला का. म्हणून तर 'जॉज'मधला शार्क बाद होतो, तो भुकेला मासा आहे, त्याला पाप-पुण्य कुठलं. मग, त्याच्यात कुठेतरी ओलावा आहे का, कुणावर खरी माया, पश्चात्ताप, दिलेला शब्द पाळणं, काहीही. लहानपणी इतकं भोगलंय का की बघणाऱ्याच्या पोटात तुटावं. आणि लेखक-दिग्दर्शक त्याला गंभीरपणे घेतोय का, की नुसता हसवायला ठेवलाय.

हे सगळं गोष्टीतून दाखवता आलं पाहिजे. 'मला त्याचा लय राग येतो' हा पुरावा नाही. निम्मी भांडणं इथेच होतात, तुमच्या घरातली पण बहुतेक.

प्रश्न : गब्बरला तुम्ही सरळ पास करून टाकलंत. अहो, पण ठाकूरनेच त्याला आधी पकडून दिलं होतं, म्हणजे त्याला कारण होतं की! आणि खरं सांगू का, आमच्या घरात तो सगळ्यांचा लाडका आहे. (नाशिकच्या एक वाचक)

ताई, लाडका तो माझाही आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' आला, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली तरी आपण अमजद खानसारखं हसायला बघतो. पण आवडणं हे एक खातं आणि वाईटपणा हे दुसरं, पैसे इकडचे तिकडे करायचे नाहीत.

आता कारणाचं. कारण असणं वेगळं आणि सबब असणं वेगळं. ठाकूरने पकडलं म्हणून राग आला, मान्य, पण तो राग काढला कुणावर? ठाकूर घरी नसताना येऊन त्याने लहानग्या नातवासकट घर संपवलं, धाकटी सून देवळात गेली होती म्हणून वाचली. आणि ठाकूर हाताशी आल्यावर त्याला मारलं पण नाही, हात तोडून जिवंत सोडलं, की बस आता आयुष्यभर. याला सूड म्हणायचा तर मग सुडाला पण काही माप असतं.

पण माझं मत त्या घरच्या खुनांवर नाहीच. माझं मत त्या तीन माणसांवर. रामगडहून हात हलवत परत आलेली त्याचीच माणसं. रिव्हॉल्वरच्या तीन गोळ्या हवेत उडवल्या, तीन ठेवल्या, चेंबर फिरवलं आणि एकेकाच्या डोक्याला लावून घोडा ओढला. तिघंही वाचले. मग गब्बर हसायला लागतो, मग ते तिघं हसतात, मग अख्खी टोळी हसते, आपण थिएटरात बसून हसतो, आणि हसता हसता तो तिघांना गोळ्या घालतो. नशिबाने सोडलेल्यांना. यातून टोळीला दहशत बसली असेल, पण ते हसू कशासाठी होतं? ते फक्त त्याच्या मजेसाठी होतं. आणि इमामसाहेबांचा अहमद, म्हणजे आपला सचिन पिळगावकर, त्याचा खून तर दाखवलाच नाहीये, गब्बर हातावर चढलेली एक मुंगी बघतो आणि चिरडतो, पुढच्या सीनला घोड्यावरून मुडदा गावात येतो. पोरगा आणि मुंगी, त्याच्या लेखी एकच वजन.

त्याच्या बाजूने बोलायला मी खरंच शोधलं. कुणी भाऊ, कुणी बाई, एखादा जिवाभावाचा माणूस? कुणी नाही. सांभा आहे, पण तो बक्षिसाचा आकडा सांगायला. त्यामुळे पास, आणि डिस्टिंक्शनमध्ये पास.

प्रश्न : अर्धं विश्व मारणारा थॅनॉस प्युअर ईव्हल नाही आणि एका गावाला छळणारा डाकू आहे?? हे कुठलं गणित? (कॉलेजची विद्यार्थिनी, पुणे)

मुडद्यांची बेरीज करायची असती तर व्होटिंग कशाला, कॅल्क्युलेटर पुरला असता.

'इन्फिनिटी वॉर', २०१८. व्होर्मिर ग्रहावर सोल स्टोन घ्यायला जातो तेव्हा अट अशी की जिच्यावर खरं प्रेम आहे तिचा बळी द्यायचा. गमोरा, त्याची मानलेली मुलगी, हसते, की तू कुणावर प्रेमच केलं नाहीस, आता बस बोंबलत. आणि तो वळतो तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी. तो तिला कड्यावरून ढकलतो आणि दगड त्याला *मिळतो*. इथेच प्रपोजल पडतं. माझ्या घरी यावरून रीतसर भांडण झालंय, माझी भाची म्हणते की पोरीला कड्यावरून फेकणं हे प्रेम नव्हे, आणि खऱ्या आयुष्यात मी तिच्याशी दोनशे टक्के सहमत आहे, असं प्रेम करणाऱ्या बापाला मी पोलिसात देईन. पण गोष्टीच्या नियमाने तो दगड म्हणजे पंच, आणि पंचाने बोट वर केलंय. आपण पॅव्हेलियनमधून ओरडून काय होतं.

वर त्याची ती समजूत, की लोक कमी झाले म्हणजे उरलेले सुखात राहतील. मूर्खपणा आहे, पण मनापासूनचा आहे, काम झाल्यावर तो शेती करायला निघून जातो, सिंहासनावर नाही बसत. तुम्हाला केस लढायचीच असेल तर 'एंडगेम'मधला, २०१४ सालातून आलेला थॅनॉस घ्या, तो म्हणतो आता अख्खं विश्व मोडून नवीन करतो, जे मला थँक्यू म्हणेल. तिथे थोडी जागा आहे. मी तरीही 'नाही' देईन, पण चहा पाजून.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. हॅरी पॉटर वाचणाऱ्या आमच्या मुलांना व्होल्डेमॉर्टपेक्षा अंब्रिज बाईंचा जास्त राग येतो. मग जास्त वाईट कोण? दोघंही बसतात का तुमच्या व्याख्येत? (रत्नागिरी)

बाई, मुलांचं बरोबरच आहे हो, व्होल्डेमॉर्ट कुणाला भेटलाय? अंब्रिज मात्र सगळ्यांना भेटते. गुलाबी स्वेटर, गोड आवाज, भिंतीवर मांजरांच्या बशा आणि हातात सर्क्युलर. मला एका ऑफिसात (कुठलं ते विचारू नका) अशाच एका मॅडमनी चार वेळा परत पाठवलं होतं, प्रत्येक वेळी हसून. म्हणून तर तिच्या नावाने पडणारी निम्मी 'हो' मतं मी बाजूला काढतो, ती अंब्रिजला पडलेलीच नसतात.

आधी व्होल्डेमॉर्ट, तो सोपा आहे. तसं त्याच्या बाजूने बोलायला थोडं आहे, आईने बापाला प्रेमाचं औषध पाजून लग्न लावलं, बाप सोडून गेला, आई बाळंतपणात गेली, पोरगा अनाथाश्रमात. पण हॅरी पण पोरकाच की, जिन्याखालच्या कपाटात वाढलेला, गोष्टीनेच शेजारी उदाहरण ठेवलंय. टॉम, म्हणजे हाच व्होल्डेमॉर्ट, सोळाव्या वर्षी बापाला आणि आजी-आजोबांना मारतो आणि आळ मामावर ढकलतो. आणि अगदी शेवटी, सातव्या पुस्तकात, हॅरी त्याला समोरासमोर सांगतो की बाबा रे, थोडा तरी पश्चात्ताप करून बघ, अजून वेळ आहे. दार उघडं करून दिलं. तो नुसता चक्रावतो आणि पुढे कांडी उगारतो. इथे बहुतेकांचं एकमत असतं.

अंब्रिजवर मात्र खरी मारामारी. नाही म्हणणारे म्हणतात की जिथे व्होल्डेमॉर्ट खून पाडतोय तिथे ही बाई नियम लावते, ती त्याच्या पंगतीत बसत नाही. हो म्हणणारे म्हणतात की माणसाच्या हातात काय आहे त्या मानाने मोजा. आणि हे मला पटतं. तिच्या हातात शाळेची शिक्षा आली तर तिने काळी लेखणी आणली, जी शाईने नाही तर लिहिणाऱ्या पोराच्या रक्ताने लिहिते, 'मी खोटं बोलता कामा नये', आणि तेच शब्द हाताच्या पाठीवर कोरले जातात, ते बघून ती खूश. त्याआधी तिने कुणी सांगितलेलं नसताना पंधरा वर्षांच्या मुलावर डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारी भुतं, सोडलेत. पुढे सरकार बदललं, आता मगल, म्हणजे जादू न येणाऱ्या, घरांत जन्मलेल्या जादूगारांची चौकशी करून त्यांना तुरुंगात धाडायचं काम आलं, तर ते पण हौसेने.

पण तुम्ही मुलांना तो कोर्टाचा सीन परत वाचायला सांगा. खाली लोक थरथरतायत, भोवती डिमेंटर, आणि अंब्रिजच्या टेबलापुढे तिचं मांजर, तिचा पॅट्रोनस, म्हणजे डिमेंटरना लांब ठेवणारा जादूचा रखवालदार, चमकत येरझाऱ्या घालतंय. पॅट्रोनस आणायला आनंदाचा विचार लागतो ना? तर ती तिथे, त्या खुर्चीत, आनंदात आहे. मी 'हो' दिलंय ते त्या मांजरावर दिलंय.

प्रश्न : तात्या विंचू! त्याला कसे विसरलात?? (पनवेल)

विसरतोय कसला. 'झपाटलेला' १९९३ चा, टीव्हीवर लागला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ताईची बाहुली आईने पत्र्याच्या ट्रंकेत घालून वर पाटा ठेवला, कारण मी संडासला एकटा जाईना. रामदास पाध्यांनी तो बाहुला असा केलाय की मान वळली तरी अंगावर काटा यायचा. पण मशीनला भीती कळत नाही हो. पिक्चर मुळात हसवायला काढलाय, लक्ष्या बोंबलतो आणि आपण हसतो, 'ओम फट् स्वाहा' लग्नाच्या मांडवात पण ऐकू येतं. गंभीरपणाच्या अटीवर तात्या पडतो. वाईट वाटतं, पण पडतो.

यावरून मोगॅम्बोचंही विचारलंय दोघा-तिघांनी. तो जरा अवघड आहे, सोनेरी विग, ती खुर्ची, सगळी नौटंकीच, पण माणसं हुकुमावर अ‍ॅसिडमध्ये उड्या मारतात, आणि बॉम्बमध्ये छोटी टीना जाते तेव्हा पिक्चरमध्ये कुणी हसत नाही. १९८७ ला मी लहान होतो, त्या सीनला आईने माझे डोळे झाकले होते. मी काठावर 'हो'.

प्रश्न : वय ७२. पोरांनो, तुमची ही मशीन आमच्या पुराणांना लावता का? दुर्योधन, शकुनी, रावण? (सातारा)

आजोबा, लावून बघितली, चालत नाही. आपल्याकडे शंभर नंबरी वाईट माणूस लिहायची पद्धतच नाही बहुतेक. दुर्योधनाने भर सभेत द्रौपदीचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक, पण सूतपुत्र म्हणून कर्णाला सगळे हिणवत होते तेव्हा अंगदेशाचं राज्य त्यानेच दिलं, आणि ती मैत्री खरी होती. त्याच्यावर कडी म्हणजे शेवट, स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन आसनावर बसलेला! धर्मराजाचा पण तोल गेला तिथे. १९६७ ला 'मृत्युंजय' आलं आणि आपल्याकडे घराघरात लोक कौरवांच्या गोटातल्या माणसासाठी रडले, आमच्या बाबांच्या प्रतीची तर पानं सुटी झालीयत. अशा वाचकाला काय प्युअर आणि काय काय.

तिकडेही सगळे शुद्ध नाहीत बरं का. सौरॉन घ्या, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा. मूळ मालक मॉर्गॉथ हरल्यावर सौरॉनने काही काळ पश्चात्ताप केला होता, तो बहुधा भीतीपोटी असेल, पण खरा असायची शक्यता टोल्कीनने उघडी ठेवलीय. त्याला सांगितलं की पश्चिमेला जाऊन न्यायाला उभा राहा, ते त्याच्या गर्वाला झेपेना आणि तो लपला. टोल्कीनने एका पत्रात म्हटलंय की निव्वळ वाईट असं काही असतंच असं मला वाटत नाही, ते म्हणजे शून्य. आता ज्याने सौरॉन लिहिला तोच असं म्हणतो, तर फॅन लोकांनी डोकं फोडायचं कुठे.

आणि हा वाद काही आजच्या पोरांनी काढलेला नाही. 'ऑथेल्लो'तल्या इयागोवर, म्हणजे ज्या नाटकावरून देवलांनी 'झुंझारराव' केलं त्यातल्या खलपुरुषावर, इंग्रज कवी कोलरिज दोनशे वर्षांपूर्वी हेच लिहून गेला, की याच्या वाईटपणाला कारणच नाही, हा नुसता कारणं शोधत फिरतोय. बढती मिळाली नाही म्हणतो, बायकोचा संशय येतो म्हणतो, आणि शेवटी पकडल्यावर का केलंस विचारलं तर म्हणतो मला काही विचारू नका, मी यापुढे तोंड उघडणार नाही. ते प्रपोजलच आहे, फक्त व्होट घ्यायचं राहिलं.

प्रश्न : जोकर? एका शब्दात सांगा. (औरंगाबाद)

एका शब्दात नाही जमत, कारण जोकर एक नाही. २००८ चा 'डार्क नाइट'वाला हो, तो तर तोंडावरच्या जखमांची गोष्ट दोनदा वेगवेगळी सांगतो, म्हणजे तुमच्या दयेलाच टांग मारतो. २०१९ चा आर्थर फ्लेक नाही, त्याचं आजारपण, त्याचे लहानपणीचे हाल सगळं पडद्यावर आहे. नाव एक असलं तरी सातबारा वेगळा.

प्रश्न : 'तुंबाड'चा हस्तर? आमच्या कोकणातला म्हणून विचारतो. (चिपळूण)

तुमच्या कोकणातला असला तरी पास नाही. त्याने सोनं घेतलं, धान्याला हात घालायला गेला तर बाकीच्या देवांनी हाणला, आईने पोटात ठेवून वाचवला. तेव्हापासून तो भुकेला आहे, पिठाच्या बाहुलीवर झडप घालतो आणि विनायक, म्हणजे पिक्चरचा नायक, तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा पाडतो. आता सांगा, चोर कोण? हस्तर शार्कच्या जवळ बसतो. आणि विनायक पण नाही बसत, शेवटी सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून पोराला विहिरीतून बाहेर काढतोच. हावरट आहे, नीच आहे, पण बाप आहे.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. 'डेथ नोट'च्या लाइट यागामीवर चार पानी प्रपोजल लिहिलं, ग्रुपवर सात विरुद्ध दोनने पडलं. सोबत जोडलंय. माझं काय चुकलं? (कोल्हापूर)

अरे, लिहिलंस झकास, एफबीआयचे बारा एजंट, नाओमी मिसोरा, मिसाला वापरून घेणं, मरणाऱ्या बापाच्या हातात पण वही देऊन नाव लिही म्हणणं, सगळं पुराव्यासकट आहे. पहिली तीन पानं वाचून मी पण 'हो' देणार होतो.

पण तू एक अख्खा भाग गाळलायस. मधे तो त्या वहीवरचा (जिच्यात नाव लिहिलं की माणूस मरतो) हक्क सोडतो, तिच्या आठवणी जातात, आणि मग जो लाइट उरतो तो एल या डिटेक्टिव्हच्या बरोबरीने खुनी शोधतोय, मिसाच्या भावनांचा वापर करायला सांगितलं तर नको म्हणतोय. म्हणजे वही नसेल तर हा पोरगा चांगला झाला असता हे गोष्टीनेच दाखवून दिलंय. तुझ्या विरोधातल्या सात जणांना हेच म्हणायचं असणार, तू त्यांना चौथ्या पानावर 'डोकं नाहीये' लिहून मोकळा झालास. बाजूने काय बोलता येईल तो रकाना तू कोरा सोडलायस, आणि कोरा रकाना दिसला की माणसं आधी तिथेच बोट ठेवतात.

माझ्याकडून पण 'नाही', म्हणजे आठ विरुद्ध दोन झाले. पुढच्या वेळी दुसरा कुणी घे, तुझ्या तिसऱ्या पानावर तू जाता जाता 'ड्रॅगन बॉल'च्या फ्रीझाचं नाव घेतलंयस बघ, तो घे. आणि प्रपोजल पाठवताना फोटो सरळ काढ रे, मान वाकडी करून वाचलं सगळं.